पायथ्याचं भरीत

दर हिवाळ्यात रावेरहून आम्हा भावांची सहल असीरगडला जाते. सकाळी निघायचं, दिवस मावळायच्या आत परत. पद्धत ठरलेली. पुरुष गड चढतात; बाया पायथ्याशी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून भरिताची वांगी भाजतात, पुऱ्या तळतात. आम्ही खाली येतो तेव्हा पानं मांडलेली असतात.

लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत बायकोनं विचारलं, "वर काय आहे हो?"

"काही नाही. नुसते दगड."

तिनं पुन्हा विचारलं नाही. वर तळं आहे, देऊळ आहे, मशिदीचे उंच मिनार आहेत, आणि तटावर उभं राहिलं की सातपुड्याच्या रांगा संपत नाहीत. ती वर आली असती तर वांगी कोण भाजणार, भाऊ काय म्हणतील, एवढ्यासाठी मी खोटं बोललो. मग दरवर्षी तिच्या हातचं भरीत खाताना ते खोटं आठवायचं. तरी मी दुसऱ्यांदा वाढून घ्यायचो, हेही सांगून टाकतो.

यंदा तिचे गुडघे कुरकुरायला लागले. आता नाही तर कधीच नाही. गाडीतून उतरताच मी वांग्यांची पिशवी तिच्या हातून घेतली. "तू वर जा. मी खोटं बोललो होतो. वर खूप आहे बघायला."

"बावीस वर्षं?" एवढंच म्हणाली. मग पदर खोचून, पुतणीचा हात धरून चढायला लागली.

थोरले भाऊ हसले. "काय भो, आता चूल फुकशीन का?"

"फुकीन. तुम्ही निघा, भाऊ."

धुरानं डोळे चुरचुरले, चार वांगी जळाली. मी उठलो नाही.

ती दुपारी उतरली, लंगडत. माझ्याकडे न बघता जेवायला बसली. "मीठ कमी आहे." मग जावांकडे वळली. "पुढच्या साली तुम्ही बी चला गं. वर काय आहे ते मी सांगायची नाही."

"अन् भरीत?" भाऊंनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी बसीन," मी म्हटलं. "सोबत कोण बसतं ते आत्ताच बोला. ज्याला लाज वाटते त्यानं घरून डबा आणावा."