तिसरी मतपत्रिका

आमच्या गावाची प्रमुख दोन्का. चार वेळा निवडून आली. त्यातल्या दोन वेळा तिच्याविरुद्ध मीच उभा होतो, त्यामुळे तिच्याबद्दल माझ्या तोंडून चांगलं निघणं जरा अवघडच. पण बाई खमकी, हे मान्य.

बल्गेरिया युरोपच्या संघात गेला तेव्हा आम्ही चौकात नाचलो होतो. संघाच्या पैशातून गुळगुळीत रस्ता झाला, आणि त्याच रस्त्याने माणसं निघून गेली. प्लोव्हदिवची बस मीच चालवायचो, म्हणजे त्यांना नेलं मीच. दोन्काची लेक वेसासुद्धा माझ्याच बसने स्पेनला जायला निघाली, मांडीवर मिरच्यांच्या चटणीची बरणी घेऊन.

कायमच्या पत्त्यावर शंभर नावं असतील तरच गावाला आपला प्रमुख निवडता येतो. नाहीतर तालुक्याहून नेमलेला माणूस येतो. गेलेल्यांनी पत्ता गावचाच ठेवला होता, म्हणून आम्ही तरलो. देशाच्या सरकारसाठी वेसा स्पेनमधून मत द्यायची, गावच्या प्रमुखासाठी तिला देता येत नव्हतं. पण यादीत नाव होतं, तेवढं पुरे होतं. कुणी वारलं की दोन्का फाटकावर शोकपत्रक लावायची आणि मनात एक वजा करायची. गेल्या वर्षी बरोब्बर शंभर उरले.

यंदा जूनमध्ये मी तिच्याकडे कॉफी पीत बसलो होतो, तेवढ्यात वेसाचा फोन आला. "आई, आम्ही कायमचे परत येतोय!"

"वरची खोली उद्याच झाडते," दोन्का उठूनच उभी राहिली.

"आई, ऐक ना. प्लोव्हदिवला फ्लॅट घेतलाय. लेकीला शाळेत घालायचं तर पत्ता तिथला लागतो."

दोन्का हळूच खाली बसली. "बदल मग," म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी भडकलो. "ऑक्टोबरात निवडणूक आहे! चार महिने थांब म्हणावं."

"पोरीचं वर्ष जाईल."

"आणि गावाचं काय?"

"गेन्चो, चौदा वर्षं मी तिला ये म्हणतेय. आता येतेय, तर कागदासाठी अडवू?"

महिनाभर मी तिच्याशी बोललो नाही. गावासाठी जीव तुटत होता हे खरं, पण हेवाही वाटत होता. माझ्या मुलाने पत्ता बदललेला नाही. तो येतही नाही.

निवडणुकीला दोन्का ठेवणीतला निळा कोट घालून शाळेत आली. टेबलावरच्या बाईने तालुक्याच्या दोन मतपत्रिका तिच्या हातात दिल्या. दोन्काने हात तसाच पुढे धरून ठेवला.

"झालं आजी, दोनच आहेत."

"हो हो, माहितीये," दोन्का म्हणाली आणि हात मागे घेतला. तिच्या मागे उभा राहून मीही तिसरीची, गावच्या प्रमुखासाठीच्या मतपत्रिकेची, वाट पाहिली. ब्रुसेल्सला युरोपच्या संसदेत कुणाला पाठवायचं ते आम्ही अजूनही निवडतो, समोरच्या कचेरीत कुणाला बसवायचं ते नाही.

नंतर आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. समोरचा रस्ता रिकामा होता.

"यंदा मी उभी असते तर मत कुणाला दिलं असतंस?" तिने विचारलं.

"तुलाच. तुझ्याविरुद्ध उभा होतो त्या दोन्ही वेळीही तुलाच दिलं होतं."



"मग आता सांगून काय उपयोग, मेल्या?"