चिठ्ठीत निघालेली बाजू

तिला वकीलबाई हे नाव आत्याने ठेवलं. सात वर्षांची असेल. शाळेच्या शिपायाने उशीर झाला म्हणून फाटकाबाहेर उभं केलं, तर ही बया त्यालाच विचारते, "काका, उशीर झाला म्हणून तुम्ही आत घेत नाही, आणि आत घेत नाही म्हणून माझा आणखी उशीर होतोय. तो कुणाच्या नावावर?" शिपायाला हसू आलं, फाटक उघडलं. आत्या इस्त्री फिरवता फिरवता हा किस्सा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, आणि दर वेळी शिपायाची मिशी थोडी वाढायची.

वकीलबाईचे बाबा किल्ल्या बनवतात. फुटपाथवर, दिव्याच्या दोन खांबांच्या मध्ये, एक लाकडी पेटी. पेटीवर शिकंजा, तीन कानशी, तारेत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्या. शेजारी आत्याची इस्त्री, त्यापलीकडे छत्र्या दुरुस्त करणारा, मग घड्याळवाला. अशी ओळीने अकरा ठाणी. बाबांना त्या जागेवर सतरा वर्षं झाली. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण कुलूप समोर धरलं की त्याच्या पोटातलं सांगणार.

आणि अशा माणसाची मुलगी परदेशी गेली. शाळांच्या अदलाबदलीच्या योजनेत तिची निवड झाली. तिकडची एक मुलगी इकडे, इकडची ही तिकडे, एका वर्षासाठी. निघताना बाबांनी तिच्या बॅगेला कुलूप लावलं आणि एकीच्या पाच किल्ल्या करून दिल्या. "चार हरवल्या तरी एक उरेल," म्हणाले. दुसरं काय द्यायचं ते त्यांना सुचलं नाही.

नोटीस आली ती ही तिकडे गेल्यावर चौथ्या महिन्यात. फुटपाथ चालणाऱ्यांसाठी मोकळा करायचा आहे, ज्यांना काही म्हणायचं असेल त्यांनी गुरुवारी दुपारी बारा वाजता नगरपालिकेच्या कचेरीत येऊन म्हणावं. म्हणावं म्हणे! सतरा वर्षं हा माणूस कानस घासतोय ते म्हणणं कुणाच्या कानावर गेलं नव्हतं.

बाबांनी फोन केला. "वकीलबाई, अकरा जणांच्या वतीने मीच बोलणार आहे. पण मला साहेबापुढे उभं राहिलं की घशाला कोरड पडते. तू लिहून पाठव. मी वाचून दाखवतो."

"पाठवते बाबा. बुधवारपर्यंत नक्की."

तिने लिहायला घेतलं. पहिलं पान झालं. आणि त्याच आठवड्यात वक्तृत्वाचं संमेलन लागलं.

चौदा देशांतली मुलंमुली, चार दिवस, एका मोठ्या इमारतीत. जाजम असं की पाऊल वाजायचं नाही. प्रत्येकाच्या गळ्यात फीत, फितीला नंबर. सभागृहात शिरताना दाराशी फोन काढून कापडी पिशवीत ठेवायचा, पिशवी नंबराच्या खुंटीवर टांगायची, सत्र संपलं की घ्यायची. मुलांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून. अंतिम फेरीचा विषय मंगळवारी फळ्यावर आला: शहरांतल्या फुटपाथांवर धंदा करायला बंदी असावी.

जेवणाच्या सुट्टीत वकीलबाईने धावत जाऊन खुंटीवरची पिशवी काढली आणि फोन लावला. "बाबा, विषय आपल्या गल्लीचाच आहे! अंतिम फेरीत मी यावरच बोलणार!"

"काय सांगतेस!" आणि मग फोन कानापासून लांब धरून ओरडले, "अरे ऐका, आपला प्रश्न तिकडे पोचला!"

बाजू ठरायची होती दुपारनंतर. या खेळात बाजू आपण निवडायची नसते, चिठ्ठी काढायची. तिने काचेच्या भांड्यात हात घातला. चिठ्ठी उघडली. बंदी असावी.

ती प्रशिक्षक बाईंकडे गेली. बाई शांत, पांढऱ्या केसांच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या.

"मला बाजू बदलून हवी आहे. माझे वडील फुटपाथवर बसतात."

"मग तर तुला खूपच शिकायला मिळेल," बाई म्हणाल्या. "आपण मतं मांडत नाही, मुली. आपण बाजू मांडतो. नाही म्हणालीस तर तुझा जोडीदारही बाद होईल."

जोडीदार म्हणजे लांब्या. दुसऱ्याच देशाचा, साडेसहा फुटांचा, स्टेजवर जायच्या आधी उलटी होणारा आणि तरीही जाणारा पोरगा. त्याने नुसतं तिच्याकडे पाहिलं. तेवढ्याने ती अडकली.

संध्याकाळी बाबांचा निरोप होता: "तयारी कशी चाललीय? आपली बाजू जोरात मांड." तिने उत्तर टाईप केलं, पुसलं, परत टाईप केलं, परत पुसलं. शेवटी अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं. घरी जाऊन समोरासमोर सांगू, समजेल त्यांना, असं तिने ठरवलं.

बुधवारी ती बोलली. वाईट बोलली असती तर पुढचं सगळं टळलं असतं, पण वाईट बोलणं तिच्या अंगातच नव्हतं. आणि त्या फुटपाथात कुठे काय खुपतं हे तिच्याइतकं त्या सभागृहात कुणाला ठाऊक होतं? समोरच्या जोडीने आकडे मांडले. हिने मास्तर उभे केले. "आमच्या गल्लीत एक निवृत्त मास्तर राहतात, दोन्ही डोळ्यांना कमी दिसतं. हातातली काठी पहिल्या पेटीला लागली की ते फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरतात. अकरा दुकानं मोजतात, आणि मग परत वर चढतात. एकदा मोजायला चुकले. गाडीने उडवलं. आता काठीच्या जोडीला कुबडीही आहे." पुढे तिने विचारलं, फुटपाथ ज्याला सर्वात जास्त लागतो, त्यालाच आपण खाली का उतरवतो?

यातलं अक्षरही खोटं नव्हतं. मास्तरांना उचलून दवाखान्यात नेणारे तिचेच बाबा होते, आणि दर सकाळी त्यांचा हात धरून अकराही ठाणी ओलांडून देणारेही तेच. ते सांगायला तिच्याकडे वेळ नव्हता. चार मिनिटांची घंटा झाली होती. शिवाय ते तिच्या बाजूचं नव्हतं.

पहिला क्रमांक. लांब्याने तिला उचलून गोल फिरवलं. संमेलनवाल्यांनी भाषणाची फिल्म लगेच शाळांना पाठवली. दमलेली वकीलबाई खोलीवर आली, अर्धवट कागद समोर घेतला, "माझे वडील" एवढं लिहिलं आणि हात पुढे सरकेना. दुपारी जे तोंडातून गेलं होतं, त्याला उत्तर देत बसल्यासारखं व्हायला लागलं. सकाळी लवकर उठून पुरं करू म्हणून ती आडवी झाली, आणि उठली ती सभागृहाकडे न्यायची बस सुटायला दहा मिनिटं उरली तेव्हा. धावतपळत पोचली. दाराशी पिशवी, पिशवीत फोन, आत बक्षीस समारंभ.

तिकडची सकाळ म्हणजे घरची दुपार.

तासाभराने सत्र संपलं. खुंटीवरून पिशवी काढली तर बाबांचे बोललेले दोन निरोप.

पहिला: "वकीलबाई, तुमच्या मुख्याध्यापक बाईंनी तुझी फिल्म पाठवली. पहिला नंबर! आम्ही सगळ्यांनी बघितली. कुणाला ओ की ठो कळलं नाही, पण छत्रीवाला म्हणतो बारा वेळा फुटपाथ म्हणालीस. त्याने बोटांवर मोजलंय."

दुसरा, हळू आवाजात: "कागद नाही आला, हरकत नाही. घाईत असशील. साहेबाला तिकडची भाषा येते, तिकडेच शिकलाय. मी बोलण्यापेक्षा तुझी फिल्मच दाखवतो. आपली पोरगी आपली बाजू मांडून जिंकली, बघा म्हणावं. आत बोलावतायत, ठेवतो."

निरोपाला चाळीस मिनिटं झाली होती.

तिने बाबांना लावला. रिंग गेली, गेली, संपली. परत. परत. मग आत्याला.

"अगं आत्या, बाबा कुठेत?"

"आत आहेत साहेबाकडे. मी दाराच्या फटीतून बघतेय. शिपाई सरका सरका करतोय, पण सरकते कशाला! साहेब मन लावून बघतोय गं तुझं. परत पहिल्यापासून लावलं त्याने."

"आत्या, आत जा. बाबांना सांग, फिल्म बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"का गं? चांगलं चाललंय. साहेबाने मान डोलावली."

"आत्या, पाया पडते तुझ्या, जा ना आत!"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शिपाई खेकसला, आत्याने त्याला "तुझ्या घरी आयाबाया नाहीत का रे?" म्हणून सुनावलं, आणि दाराशी दहा मिनिटं हुज्जत चालली. आणि तेवढ्यात बाबांचा आवाज, अगदी जवळून, हसरा. "कुणाचा फोन? तिचा? दे इकडे."

इकडे वकीलबाई खुंट्यांच्या भिंतीला टेकून उभी. मागून लांब्या हाक मारत होता, फोटोसाठी सगळे खोळंबले होते.

"पोरी, काम झालं बघ," बाबा म्हणाले. "साहेब म्हणाला, तुमची मुलगी फार मुद्देसूद बोलते. मला विचारलं, हेच तुम्हा सर्वांचं म्हणणं का? मी म्हणालो, शब्द न् शब्द! त्याने दोनदा विचारलं हो, चांगला माणूस आहे. 'विचार करून सांगा' म्हणाला. मी म्हटलं, यात विचार कसला करायचा साहेब, माझं रक्त आहे ते. मग त्याने कागदावर उतरवून घेतलं, मी अकरा जणांच्या वतीने सही केली."

"वाचलंत का बाबा? कागदावर काय होतं ते?"

"तुझंच म्हणणं होतं ना? तुझं काय वाचायचं?"

"बाबा, ऐका," तिने सुरुवात केली, पण तिकडे ते सगळ्यांना हाका मारत होते.

"थांब, स्पीकरवर टाकतो. सगळे जमलेत इथे बाहेर पायरीवर. आता आपल्या भाषेत सांग, काय बोललीस ते. छत्रीवाल्याला बारा फुटपाथ पुरे पडत नाहीत."

हसण्याचा गलका झाला. मग सगळे फोनभोवती सरकले. छत्रीवाल्याची कुजबुज, आत्याच्या बांगड्या, घड्याळवाल्याचा जुनाट खोकला, सगळं तिला ऐकू येत होतं.

"बाबा, मला बाजू चिठ्ठीत..."

"ते राहू दे गं. बोललीस काय ते सांग. पहिल्यापासून."

वकीलबाईने डोळे मिटले. दुसरं काही सुचेना, म्हणून पहिलंच वाक्य आपल्या भाषेत म्हणाली. "आमच्या गल्लीत एक निवृत्त मास्तर राहतात."

"आपले मास्तर?" आत्याने विचारलं.

"हो. आपलेच."

पलीकडे कुणीतरी "अच्छा" म्हणालं. आणि मग बाबा, हसू उतरलेल्या आवाजात:

"पुढे सांग."