थर्झा प्रूइटचा दाखला

शेजाऱ्याच्या चुलीचा धूर दिसला की रॅन्सम प्रूइटचा जीव गुदमरायचा, मग तो धूर तीन मैलांवर का असेना. तो बैल जुंपायचा आणि त्याची बायको थर्झा भांडी आवरायची. अठरा वर्षांत टेनेसीपासून आर्कान्साच्या डोंगरांपर्यंत त्यांनी पाच वेळा बिऱ्हाड हलवलं. प्रत्येक ठिकाणी एक लाकडी खोपटं मागे राहिलं, आणि दोन ठिकाणी एकेक लहान थडगं.

थर्झाच्या बायबलात टेनेसीतल्या मंडळीचा, म्हणजे तिथल्या चर्चसभेचा, दाखला होता. बाप्तिस्त पंथाचा माणूस गाव सोडताना मंडळी असा कागद देते. तो नव्या गावच्या मंडळीपुढे ठेवला की माणूस तिथला. अडचण एवढीच की रॅन्सम जिथे थांबे तिथे मंडळी नसे, अस्वलं असत. कागदावर लाखेची मोहोर होती आणि वर लिहिलं होतं, ‘आपल्या विश्वासाच्या कोणत्याही मंडळीस’. मजकूर तिच्याबद्दलचा होता, पण तिला लिहिलेला नव्हता. म्हणून अठरा वर्षांत तिनं तो उघडला नाही.

मी त्यांच्या पाचव्या बिऱ्हाडाच्या खोऱ्यात शाळा चालवायचो. एकदा घोड्यावरून फिरणारा मेथडिस्ट पंथाचा पाळक त्यांच्याकडे आला, तेव्हा मी तिथेच होतो.

“अठरा वर्षं प्रभुभोजनाची भाकर नाही, द्राक्षारस नाही? बाई, माझ्या हातून घ्या.”

“पाळकसाहेब, तुम्ही जेवून जा. मक्याची भाकरी आहे, ताक आहे. पण तुम्ही बाप्तिस्म्याला डोक्यावर पाणी शिंपडणारी माणसं, आम्ही अख्खं माणूस नदीत बुडवतो. तुमचं मला चालायचं नाही.”

“देव काय पाणी मोजत बसतो?”

“नसेल मोजत. पण नदी त्यानं उगाच नाही केली.”

तिचा स्वतःचा बाप्तिस्मा जानेवारीत, कुऱ्हाडीनं बर्फ फोडून झाला होता. त्यानंतर साधी शिंकही आली नाही, हे ती पुरावा म्हणून सांगे. पाळक तीनदा वाढून घेऊन निघून गेला.

त्याच वर्षी सप्टेंबरात टेकडीपलीकडची लेटी हॉब्स बाळंतरोगानं अंथरुणाला खिळली. बाप्तिस्मा घेतल्याशिवाय मरायचं नाही, असा तिनं हट्ट धरला. बाप्तिस्त पाळक साठ मैलांवर. शेवटी थर्झानं तिला ओढ्यात नेलं, शब्द उच्चारले आणि पाण्यात बुडवून वर काढलं. दुसऱ्या दिवशी लेटी शांतपणे गेली.

पुढच्या वसंतात बाप्तिस्तांचे पाळक एल्डर बर्डवेल आले आणि गिरणीत मंडळी स्थापन झाली. शनिवारच्या सभेत सगळ्यांनी दाखले मेजावर ठेवले. थर्झानंही ठेवला, पण त्यावरचा हात काही काढला नाही. “आधी एक सांगायचंय,” म्हणाली, आणि ओढ्याची हकिकत सांगितली. कुणी विचारलं नव्हतं. आपला दोष आपणच सभेत सांगायचा, ही बाप्तिस्तांची रीत. बाकीच्यांनी त्या दिवशी दोष तयार ठेवले नव्हते, त्यामुळे सगळ्यांची दृष्टी तिच्यावरच.

“बाईनं बाप्तिस्मा दिला?” मंडळीचे कारभारी, डीकन यार्नेल म्हणाले. “उद्या कोंबड्याही अंडी उबवायचं सोडून उपदेश करतील.”

“भगिनी, पश्चात्ताप होतो एवढं म्हणा,” एल्डर म्हणाले. “विषय संपला.”

“नियम मोडला, ते कबूल. पण पश्चात्ताप होतो म्हटलं तर ते खोटं होईल. मग पुढच्या महिन्यात तेही सांगावं लागेल.”

मोहोर न फोडता दाखला परत आला. निर्णय पुढच्या महिन्यावर, मग त्याच्याही पुढच्या. ती दर महिन्याला सभेच्या शनिवारी नऊ मैल चालत जायची आणि कागद घेऊन परत यायची.

चौथ्या सभेआधी तिला तापानं धरलं.

“मिस्टर प्रूइट,” ती नवऱ्याला म्हणाली, “मरायचं भय नाही हो. पण कुठल्याच मंडळीत नाव नाही, अशी जायला नको वाटतं. मी नसले तरी दाखला घेऊन जा.”

गुरुवारी ती गेली. शनिवारी रॅन्सम, जो आयुष्यात कधी सभेला बसला नव्हता, टोपी काढून गिरणीत उभा राहिला.

“मेलेल्या माणसाला मंडळीत घेता येत नाही, प्रूइट,” एल्डर हळूच म्हणाले.

“मग वाचून तरी दाखवा. मला वाचता येत नाही. अठरा वर्षं गाडीतून वाहिलाय मी तो.”

एल्डरनी मोहोर फोडून वाचलं: थर्झा प्रूइट चांगल्या चालीची, पूर्ण सहभागितेतली भगिनी आहे. दुसरी मंडळी तिचा स्वीकार करील तेव्हाच ती आमच्यातून मुक्त झाली असं समजावं. एल्डरनी शेवटची ओळ पुन्हा वाचली.

“आपण तर स्वीकार केलाच नाही,” यार्नेल म्हणाले.

“नाही केला,” एल्डर म्हणाले. “म्हणजे ती टेनेसीच्या मंडळीचीच होती. मरेपर्यंत.”

रॅन्समनं हातातली टोपी फिरवली. “पाच वेळा हलवलं मी तिला,” तो म्हणाला, “आणि ती हललीच नव्हती.”

मग त्यानं एल्डरना टेनेसीला पत्र लिहायला लावलं, की तुमची एक सभासद इथे वारली.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या अंगणातून तीन चुलींचे धूर दिसू लागले. त्यानं खुर्ची फिरवून थर्झाच्या थडग्याकडे तोंड करून ठेवली. बैल जुंपले नाहीत.