कर्णा बंद केला तेव्हा

भोंगेताई,

तुझ्याबद्दल लिहायला बसले तर पहिल्याच ओळीला टोकशील. म्हणून कोणा तिसऱ्याच बाईची असल्यासारखी ही गोष्ट सांगते. मध्ये बोलायचं नाही.

लग्न होऊन नवऱ्याची तीनचाकी आणि सासऱ्यांचा कर्णा वाट्याला आला, तेव्हापासून भोंगेताई वस्तीचं तोंड झाली. पाणी कधी येणार, लस कुठे मिळणार, कोणाचं पोर हरवलं, सगळं तिनेच पुकारायचं. निवडणुकीत सगळ्याच पक्षांची भाषणं तिच्या गळ्यात. "तोंड भाड्याचं, मत माझं," म्हणायची. खोटं तिने कधी पुकारलं नाही. उमेदवारांची स्तुती सोडून.

मतदानाच्या सकाळी ती चहा गाळत होती. जाऊ फोन पुढे करत आली.

"अगं, हे कधी म्हणालीस?"

फोनमधून भोंगेताईच बोलत होती. "शाळेतलं मतदान आज रद्द झालंय. नवी तारीख कळेपर्यंत घरीच थांबा."

गाळणी ओट्यावर पडली. "मी नाही हे म्हणाले!"

"आवाज तर तुझाच की."

"आवाज माझा गं. बोलणं माझं नाही."

कोणीतरी यंत्राकडून तिचा आवाज बनवून घेतला होता, आणि तोवर ते घरोघरच्या फोनवर पोचलं होतं. आपल्या आवाजावर विसंबून माणसं घरी बसली, तर पुन्हा कुठल्या तोंडाने पुकारणार? तिने नवऱ्याला गाडी काढायला लावली. "मतदान चालू आहे हो! फोनमधली मी नव्हे!"

पहिल्या गल्लीत शिंपी हसला. "सकाळी रद्द, आता चालू. ताई, दुसऱ्याने जास्त दिले वाटतं?"

दुसऱ्या गल्लीत गॅलरीतल्या पोरांनी तीच ध्वनिफीत मोठ्याने लावली. एका गल्लीत दोन भोंगेताई! "ओळखा पाहू, खरी कुठली!" खालीही हशा पिकला. खरीला धाप लागली होती, घसा चिरकत होता. फोनमधली मात्र कशी शांत, समजूतदार. लोकांना तीच पटत होती.

ऊन कलायला लागलं. तिसऱ्या गल्लीत सुताराचं घर आलं. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, मोठा आवाज झाला की दचकून रडायची. तिथून नळापर्यंत भोंगेताई नेहमी कर्णा बंद ठेवायची.

"आज राहू दे," नवरा म्हणाला. "वेळ कुठाय?"

तिचा हात बटणावर गेलाच. गाडी मुकी सरकत राहिली.

सुतार रंधा टाकून दारात आला. गाडीकडे बघत राहिला, मग शेजाऱ्याला म्हणाला, "ही आपलीच रे. सकाळची ती आईच्या उशाशी कोकलत होती, पोराच्या फोनमधून. ही बघ, गप्प झाली." त्याने चपला चढवल्या. मागोमाग अख्खी गल्ली शाळेकडे निघाली.

एकच गल्ली. बाकीच्या गल्ल्यांत माणसं घरीच बसली, आणि मतदानाची वेळ संपली.

त्यानंतर पक्षांनी तिला बोलावणं सोडलं. तिच्यावाचून तिचा आवाज मिळतो म्हटल्यावर बाई कशाला हवी? आणि पाणी येणार म्हणून पुकारलं, तरी लोक आधी खिडकीतून डोकावून तिचं तोंड बघतात.

झालं, संपली त्या बाईची गोष्ट. त्या संध्याकाळी बसलेल्या घशाने तू मला म्हणालीस, "तू पाण्याच्या टाकीपाशी उभी राहा. मी पुकारत लांब जाते. शब्द कळेनासे झाले की हात वर कर. कुठवर मी असते आणि कुठून नुसता आवाज, ते मला एकदा कळू दे." रविवारी येते, मी म्हणाले. त्या रविवारी माझ्याकडे पाहुणे आले, पुढच्या रविवारी तुझी गाडी बिघडली. टाकीपाशी मी अजून उभी राहिलेली नाही.