त्या बाईला ठाऊक हाय

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलणं. परातीमधी, टीव्हीसमोर. सिरियल चालू होती. बारा वर्षं बेपत्ता असलेला नवरा एक दिवस दारात येऊन उभा राहतो, घरचे त्याला ओवाळून आत घेतात. तो खरा का खोटा, ह्याच्यावरून आमची सगळी गल्ली भांडत होती.

मी म्हणलो, "तोतया हाय. बायकोच्या डोळ्याला डोळा देत न्हाई."

"असंल," माझी बायको म्हणली. "पण त्या बाईला ठाऊक हाय."

"ठाऊक असतं तर बोंबलली नसती का?"

"बोंबलून काय भेटतंय? जेवायला बराबर येऊन बसतो ना."

जाहिराती लागल्या तसा मी उठलो. गाय बघून येतो म्हणून रोज जायचो. परत आलो की ती विचारायची, तसं विचारलं, "बरी हाय का गाय?"

"बरी हाय."

"रोज जाहिरातीतच दुखतंय तिला."

दुसऱ्या दिवशी दुपारी चुलीपुढं बसल्या जागीच ती गेली. जीप यायच्या आत सगळं संपलं.

तेरा दिवस टीव्हीवर चादर होती. त्याच दिवसांत सिरियल संपली. चौदाव्या दिवशी सुनेला विचारलं, शेवटी काय निघालं?

"मामा, मामींचंच बरोबर निघालं," म्हणली अन् पदर डोळ्याला लावला.

शेजारची भावजय आली, तिनं तेच सांगितलं. ही बाई 'तो खराच हाय' म्हणून माझ्या बायकोशी दोन दिवस बोलली नव्हती! दाढी करणाऱ्यानं वस्तरा थांबवून तेच सांगितलं. माझं डोकं फिरलं. म्हातारा एकटा पडलाय, मेलेलीला हरवू नका, असं ह्या सगळ्यांनी ठरवलेलं दिसतंय. पुढं काही विचारलं की चहा ठेवायला उठायचे. मला लेकरू समजून राह्यले.

मला ती खरंच बरोबर होती का, ते पाहिजे होतं. खोटी शाबासकी नको होती. म्हणून जाफराबादच्या जीपमधी एका अनोळखी बाईला विचारलं. शिलाई मशीनचं चाक मांडीवर घेऊन बसल्ती.

"तोतयाच होता, बाबा. खरा कधीच मेल्ता. पण बायकोनं पहिल्याच जेवणाला वळखलं. खऱ्याला वांगं खाल्लं की अंगभर खाज सुटायची, ह्यानं दोनदा वाढून घेतलं. तरी बिचारी गप राह्यली."

"का पण?"

"तुम्ही गडी माणसं, तुम्हाला काय सांगावं," म्हणली अन् हसली.

म्हणजे कुणीच खोटं बोललं नव्हतं. मंग मला दुसराच संशय आला. माझ्या बायकोला हे इतक्या लवकर कसं कळलं?

सात वर्षांमागं राजूरच्या गणपतीपुढं, तिच्या देखत, मी तंबाखू सोडल्ती. गावभर मिरवलो. पोरं मळताना दिसली की शिव्या दिल्या. अन् डबी गोठ्यात, वाशामागं. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. उन्हाळ्यात चुना चार दिवसांत वाळतो. माझा सात वर्षांत एकदा बी वाळला न्हाई. मी मूर्ख, चुना लई चांगला देतो म्हणून दुकानदाराचं कौतुक करायचो.

ती गेल्यापासून डबीला हात लावला नव्हता. त्या दिवशी घरी आल्यावर बी धीर झाला न्हाई.

सकाळी उठून गोठ्यात गेलो. वाशामागून डबी काढली. तंबाखू होती तशीच होती. चुना दगडासारखा वाळला होता, भेगा पडल्त्या.

गायीच्या बादलीत बोट बुडवलं. दोन थेंब चुन्यावर सोडले, झाकण लावलं, अन् डबी होती तिथंच ठेवली. मंग शेण काढायला घेतलं.