जयवंतीचा टर्बो

जयवंती तामोरेचं वर्कशॉप बोईसरजवळ सरावलीत आमच्या चाळीच्या समोरच होतं. मी तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात वाफेच्या पाइपलाइनींवर फिटर होतो. सुट्टी असली की तिच्या लेथजवळ स्टूल ओढून बसायचो. ती मूळची किनाऱ्यावरच्या मुरबे गावची, मांगेल्या मच्छीमारांच्या घरातली. वडील मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेला, तेव्हा ते खाटेवरून सांगायचे आणि ही पाना फिरवायची. ते गेल्यावर तिनं इकडे शेड घेतली. आई रंभाबाई बोईसरच्या बाजारात मासळी विकायची आणि लेकीचे काळे हात बघून म्हणायची, "मासलीचा वास धुतला की जातो गं. ह्यो तेलाचा कसा जायाचा?"

शहाऐंशी साल असेल. डहाणूकडे चिकूची वाडी असलेला फरेदून इराणी तिच्याकडे पंप दुरुस्तीला आणायचा. त्याच्याकडे वडिलांनी कधीकाळी परदेशातून आणवलेली लाल गाडी होती, दोनच माणसं बसतील अशी. ती घेऊन तो मद्रासजवळ शोलावरमला जायचा. तिथं विमानांच्या जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत, आणि फरेदून दर खेपेला मागे राही. एके दुपारी तो टॉवेलात काहीतरी गुंडाळून घेऊन आला.

"जयवंतीबेन, माझ्या मावसभावानी विलायतेहून पाठवला. टर्बो. गाडीला बसवून दे."

टॉवेलातून निघालं ते दोन शंख पाठीला पाठ लावून जोडावेत तसं दिसत होतं. जयवंतीनं आतल्या पात्यांच्या चक्राला बोट लावलं. चक्र फिरलं, आणि पलीकडच्या शंखातलंही फिरलं. फिरतच राहिलं. फरेदून सांगत होता, इंजिनातून बाहेर पडणारा धूर हे चक्र फिरवतो, ते पलीकडचं फिरवतं, आणि ते इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद.

"म्हंजे टाकून दिलेला धूर कामाला लावायचा?" जयवंती हळूच म्हणाली. "बोटीवर एवढा धूर आमी फुकट आभालात सोडला."

तिनं काम घेतलं. इंजिन तेच ठेवून टर्बो बसवला, आणि एका सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीच्या सरळ रस्त्यावर फरेदूननं गाडी काढली. आम्ही कडेला उभे होतो. गाडी लांबून येताना आधी बारीक शीळ ऐकू आली, मग ती आमच्यासमोरून अशी गेली की माझ्या हातातली टोपी उडाली. पण लगेच आतून हातोड्या मारल्यासारखा आवाज आला, निळा धूर निघाला आणि गाडी थांबली.

शेडमध्ये इंजिन उघडलं तर एका पिस्टनच्या माथ्याला करंगळी जाईल एवढं भोक. कडा मेणासारख्या वितळलेल्या.

"बापरे," ती म्हणाली. तिच्या आवाजात वैतागापेक्षा नवल जास्त होतं. "लोखंडानं नाय, नुसत्या हवेनं केलं हे."

मावसभावानं धाडलेली माहिती फरेदूननं वाचून दाखवली, आणि तिघांनी मिळून ती समजून घेतली. हवा दाबली की तापते. तापलेल्या हवेत पेट्रोल ठिणगीची वाट बघत नाही, आधीच भडकतं, आणि पिस्टन वर येत असतानाच त्याच्या डोक्यात हातोडा बसतो. म्हणून आधी पिस्टनच्या वरची जागा वाढवायला हवी. जयवंतीनं इंजिनाच्या माथ्याखाली तांब्याची जाड पट्टी कापून घातली. ठिणगी थोडी उशिरा पडेल अशी केली. जादा दाब झाला की धुराला बाजूनं वाट देणारी झडप बसवली.

मग दुसरं संकट आलं. इंजिनातून टर्बोकडे जाणारे धुराचे पाइप तिनं स्वतः वेल्ड केले होते. शेडचं शटर ओढून गाडी चालू ठेवली तेव्हा त्या अंधारात पाइप आधी तांबूस, मग लाल, मग निखाऱ्यासारखे नारिंगी झाले. रंभाबाई डबा घेऊन आली होती, तिनं नकळत हात जोडले. पण पाइप थंड झाले की दर वेळी वेल्डिंगशेजारी चीर पडलेली. जाड पाइप घेतला, तरी चीर.

हे मात्र माझ्या कामातलं होतं. साहेबांची परवानगी काढून मी तिला आमच्या कारखान्यात नेलं. वाफेची लाइन सरळ जाता जाता मध्येच वर उचलून, चौकोनी वळसा घेऊन परत खाली येते, ते दाखवलं.

"हा वळसा कशाला?" तिनं विचारलं.

"वाफ सोडली की सगळी लाइन लांबते. वळसा तेवढा वाकून घेतो. नाहीतर कुठेतरी फाटेलच."

वाफ सोडण्याच्या वेळेपर्यंत ती थांबली. मग लाइन आपल्या टेकूंवर सरकली, कुरकुरत, बोटभर. जयवंती तोंडावर पदर धरून बघत होती. "कमलाकांतभाऊ, हा पाइप जिता हाय," ती म्हणाली. मी बारा महिने त्या लाइनीखालून जायचो. त्या दिवशी मीही मान वर करून उभा राहिलो.

तिनं स्टेनलेस स्टीलचे लांब, वळणदार चार पाइप केले, टर्बोला स्वतंत्र टेकू दिला. पुन्हा चीर पडली नाही.

उरली होती दाबलेल्या हवेची उष्णता. त्यावर तोडगा तिला आईच्या पाटीत दिसला, बर्फाखाली ठेवलेल्या पापलेटात. टर्बोतून निघालेली हवा तिनं तांब्याच्या नळ्यांतून नेली आणि त्या नळ्या बर्फाच्या पाण्याच्या टाकीत बुडवल्या. फरेदून हसला. "बेन, बर्फ किती वेळ टिकेल?"

"शर्यतीपुरता. शेवटाला पाणी झालं की पाय जरा वर घ्यायचा."

गाडी ट्रकवर चढली आणि आम्ही रेल्वेनं मद्रासला गेलो. पोरगी परक्या पुरुषांबरोबर एवढ्या लांब जाते म्हणून रंभाबाईही आली, आयुष्यात पहिल्यांदा पालघर-मुंबईच्या पलीकडे.

सरावातच फरेदूनची गाडी वळणावर गरकन फिरली आणि गवतात गेली. टर्बोची ताकद ॲक्सिलरेटरवर पाय दाबल्याबरोबर येत नव्हती, क्षणभर थांबून एकदम येत होती, तीही भलत्याच जागी. जयवंती गाडीपाशी वाकली. "शेठ, लाट येते तशी येते ती. आल्यावर वल्हं मारून काय उपेग? येण्याआधी मारा." तो वळण संपण्याआधीच पाय द्यायला शिकला. संध्याकाळपर्यंत घामानं निथळत होता आणि लहान मुलासारखा खूश होता.

शर्यतीच्या सकाळी बर्फवाला आलाच नाही. आम्ही हिंदीत, इंग्रजीत विचारून थकलो. रंभाबाई गुपचूप रिक्षात बसून गेली. उन्हं चढेपर्यंत ती परतली, गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी घेऊन. मासळीबाजारात गेली होती.

"आई, भाषा कशी कलली तुला?"

"भाषा नाय कलली. मासलीवालीला मासलीवाली कलते."

शर्यत सुरू झाली. ते दृश्य मला नीट सांगता येत नाही. लाल गाडी वळणातून निघायची, क्षणभर इतरांसारखीच दिसायची, मग शीळ वाजायची आणि कुणीतरी तिला पाठीमागून ढकलल्यासारखी ती पुढच्यांच्या मधून निघून जायची. लोक उभे राहिले. जयवंती बघत नव्हती. डोळे मिटून फक्त ऐकत होती. शेवटच्या फेऱ्यांत फरेदून सगळ्यांच्या पुढे होता. तेवढ्यात ती पुटपुटली, "बरफ संपला." आणि खरंच, पुढच्या सरळ पट्टीवर त्यानं पाय वर घेतला. एक निळी गाडी त्याला ओलांडून गेली. तो दुसरा आला.

गाडी आमच्यापाशी थांबली, फरेदून ओरडतच होता. त्याचा हात चावीकडे गेला तशी जयवंती धावली. "बंद नका करू! आतलं चक्र अजून फिरतंय, तेल जाऊ द्या त्याला!" मग तो आनंदी माणूस आणि आम्ही तिघं, धीम्या आवाजात चालणाऱ्या इंजिनाभोवती उभे राहिलो, टर्बो निवेपर्यंत.

सरावलीला परतल्यावर तिनं इंजिन उघडलं. शेजारपाजारचे कामगार पाळी संपवून बघायला आले होते. चारही पिस्टन अखंड, माथ्यावर फक्त फिकट तपकिरी रंग. तिनं एक पिस्टन पदरानं पुसून आईच्या हातात दिला. रंभाबाईनं तो उलटासुलटा करून पाहिला. "एवढ्याशानं एवढी गाडी पलाली?" असं म्हणून तिनं तो शेजारच्या बाईकडे दिला, आणि पिस्टन हातोहात सगळ्या शेडभर फिरला.

फरेदून पुढची दोन वर्षं शर्यतीला गेला. एकदा जिंकलाही. मग त्यानं गाडी विकली. जयवंतीनं लग्न केलं नाही. नव्वदच्या पुढे ट्रकांना टर्बो येऊ लागले तेव्हा थेट वापीपासून लोक तिच्याकडे यायचे. मी निवृत्त होऊन गावी आलो, त्याआधी तिला भेटायला गेलो होतो. लेथवर दोन मुली काम करत होत्या, आणि ती एकीच्या कानाशी वाकून, इंजिनाकडे बोट दाखवून सांगत होती, "आधी ऐक. हात मग लाव."