मध्यंतराचा हार

पडदा काळा झाला तेव्हा शकुंतलाबाईंचा हात शेंगदाण्यांच्या पुडीत होता, आणि तो तिथंच राहिला.

कप्तान ऑरेन अंतराळात एकटाच तरंगत होता. त्याचं यान, लाडकं 'गौरैया', म्हणजे चिमणी, दोन तुकडे होऊन कुठल्या कुठे भिरकावलं गेलं होतं. सख्खी बहीण टीला ग्रहणवाल्यांना जाऊन मिळाली होती आणि ग्रहणवाल्यांनी शेवटचा सूर्यसुद्धा गिळून टाकला होता. कप्तानाच्या शिरस्त्राणात एक हिरवा दिवा तेवढा लुकलुकत होता. तोही विझला. मग नुसता अंधार, आणि त्या अंधारातून नावं वर सरकू लागली. गाणं नाही, बाजा नाही.

"असं कसं?" शकुंतलाबाई मोठ्यानं म्हणाल्या.

त्यांनी तोंड उघडायचाच अवकाश, अख्खी टॉकीज फुटली. मागच्या रांगांतून शिट्ट्या, पुढून शिव्या. या यानाच्या चाहत्यांच्या 'गौरैया मंडल'ची पोरं सकाळपासून पुठ्ठ्याची शिरस्त्राणं घालून मिरवत होती. त्यांतल्या निम्म्यांनी ती पडद्याकडे भिरकावली आणि उरलेल्यांनी त्यांतच तोंड लपवून रडून घेतलं. एक जण खुर्चीवर उभा राहून "वाह! इसको कहते हैं पिक्चर!" म्हणत टाळ्या वाजवत होता, तर त्याचाच सख्खा भाऊ त्याची विजार धरून त्याला खाली ओढत होता. मॅनेजर दारात येऊन हात जोडू लागला. जणू सूर्य त्यानंच गिळला होता!

आता साठी ओलांडलेल्या, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेल्या बाईचं या गोंधळात काय काम, असं तुम्ही विचाराल. तर त्याला जबाबदार आहे एक पोस्टर. काही वर्षांपूर्वी झाशीत 'नक्षत्रयान' लागला, तेव्हा त्या निळ्या पोस्टरवरचे तारे, तेजाचं वलय आणि ते भारदस्त नाव पाहून शकुंतलाबाईंना वाटलं, पौराणिक चित्रपट आला. उपासाची दाण्याची चिक्की पदरात बांधून त्या सोमवारच्या खेळाला गेल्या. हिंदीत बोलणारे गोरे लोक आणि भुर्रकन उडणारी यानं पाहून पहिली दहा मिनिटं त्या देव कधी येतात याची वाट पाहत होत्या. मग वाट पाहायचं विसरल्या. बाहेर पडल्या त्या थेट तिकिटाच्या खिडकीवर, पुढच्या खेळासाठी.

त्यांचे वडील गोपाळराव गणपती मंदिरात कीर्तन करायचे. झाशीतली मराठी घरं तेव्हाही मूठभरच, पण कीर्तनाला बुंदेली आयाबायाही येऊन बसत, अर्धं कळलं तरी पूर्ण रडत. छोटी शकू खांबामागे बसून सगळं पाठ करायची. मात्र वडिलांच्या जागेवर पुढे उभा राहिला तो भाऊ. मुलीनं उभं राहायचं नाही, असं कुणी तिला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच कुणाला वाटली नव्हती. भाऊ दोन वर्षांत कंटाळून भोपाळला निघून गेला, तरी शकूला कुणी बोलावलं नाही. हे तिला लागलं होतं, आणि चांगलंच लागलं होतं.

ते अडून बसलेलं कीर्तन 'नक्षत्रयान'नं बाहेर काढलं. श्रोता एकच, तोही बिछान्यावर: बाळपणची मैत्रीण इंदू. इंदूच्या हृदयानं दगा दिल्यापासून डॉक्टरांनी तिला जिना बंद केला होता. माणिक चौकातल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत ती, तिची औषधं आणि रस्त्यावर उघडणारी एक खिडकी. शकुंतलाबाई टॉकीजमधून निघायच्या त्या वाटेत कुणाशी अवाक्षर न बोलता थेट इंदूकडे. आख्यान तोंडातून सांडता कामा नये, ही गोपाळरावांची शिस्त. मग ताटलीवर चमचा वाजवून गौरैयाचं उड्डाण व्हायचं, ग्रहणवाल्यांचा सरदार घसा खाकरून दरडावायचा, आणि इंदू उशीला टेकून "हं! मग?" म्हणत राहायची. पहिले दोन भाग तिनं असे पाहिले, आज तिसरा लागला होता. हो, पाहिलेच म्हणायचं. कप्तानाच्या गालावरचा व्रणसुद्धा तिला ठाऊक होता.

पण वडिलांची आणखी एक शिस्त होती. आख्यान शोकावर सोडायचं नाही. रणात कोवळं पोर पडल्याची कथा असली, तरी त्याच्या बाळाचा जन्म सांगितल्याखेरीज गोपाळराव आरतीला हात लावत नसत. रडवलेल्या माणसाला रडता घरी पाठवणं म्हणजे त्यांच्या लेखी पाप होतं.

आणि आज या शहाण्या सिनेमावाल्यांनी सगळ्या झाशीला रडतं घरी पाठवलं होतं.

टॉकीजबाहेर चहाच्या टपरीपाशी मंडळाची हातघाई सुरू झाली होती. मंडळाचा अध्यक्ष पुष्पेंद्र, तिशीचा गडी, सीपरी बाजारात पंखे दुरुस्त करायचा. त्याचे डोळे लाल झाले होते. "मौसी जी! जो का हो गओ? तुमईं बताओ, कप्तान मर गओ का?"

सगळी शिरस्त्राणं त्यांच्याकडे वळली. मौसींचा शब्द मंडळात अखेरचा असे. पण त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि टेम्पोला हात केला. शिस्त होतीच, शिवाय इंदूला हे कसं सांगायचं हाही प्रश्न होता. सकाळीच इंदूचा मुलगा मधुसूदन, बँकेतला अत्यंत सरळ माणूस, त्यांना जिन्यात गाठून म्हणाला होता, "मावशी, आईचे रिपोर्ट काही ठीक नाहीत. हल्ली खातही नाही. तुमच्या पिक्चरची मात्र रोज चौकशी चालली आहे. तेवढं आनंदाचं सांगा, हं. वाईट काही नको."

टेम्पो खंडेराव गेटाच्या गर्दीत अडकला, सुटला, पुन्हा अडकला. शकुंतलाबाई मनातल्या मनात आख्यान जुळवत होत्या, आणि दर वेळी कप्तानाचा तो हिरवा दिवा आला की आख्यानाची गाडीही अडत होती. इंदूला हा अंधार कसा द्यायचा? माणिक चौक येईपर्यंत त्यांनी ठरवून टाकलं होतं.

त्या दुपारी त्यांनी झकास कीर्तन केलं. गौरैया दुभंगलं तेव्हा ताटली अशी आपटली की खालचा दुकानदार वर बघायला लागला. इंदू उठून बसली. तिचे डोळे चमकत होते, ओठ किंचित उघडे. कप्तान अंतराळात तरंगू लागला, दिवा लुकलुकू लागला आणि शकुंतलाबाईंनी सिनेमा तिथं सोडून दिला. त्यांच्या आख्यानात टीलाला पश्चात्ताप झाला. ती भावाला घ्यायला आली. ग्रहणवाल्यांच्या पोटातून सगळे सूर्य एकामागून एक बाहेर पडले, कप्तानाचं लग्न झालं आणि सरदारानं क्षमा मागितली. शेवटी त्यांनी आरतीची एक ओळसुद्धा म्हटली.

"अगबाई," इंदू म्हणाली. "सगळंच छान झालं की."

"मग? व्हायलाच पाहिजे होतं."

"हो ना." इंदू हळूहळू उशीवर आडवी झाली. "म्हणजे आता पुढचा पार्ट नाही."

"कशाला हवाय? सगळं निस्तरलं."

"तेच म्हणते. संपलं एकदाचं." तिनं चष्मा काढला, घडी घातली आणि मधुसूदनला हाक मारून तो कपाटात ठेवायला सांगितला. उशाशी नको म्हणाली, आता लागायचा नाही. मग भिंतीकडे तोंड करून ती झोपली. जेवायला उठवलं तरी उठली नाही.

शकुंतलाबाई घरी आल्या, पण त्यांना अन्न गेलं नाही. आपण काय करून बसलो ते त्यांना त्या घडी घातलेल्या चष्म्यात स्पष्ट दिसलं होतं. मैत्रिणीला आनंद द्यायला गेलो आणि तिचं वाट पाहणंच काढून घेतलं. एवढी वर्षं इंदू जगत होती ती "हं, मग?" यावर. त्या 'मग'लाच त्यांनी आरती ओवाळली होती. स्वतःचा त्यांना इतका राग आला की वडिलांच्या फोटोकडेही त्यांनी जरा घुश्शातच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खरं सांगायचं ठरवून निघाल्या, पण माणिक चौकात पोचण्याआधीच आरडाओरडा कानावर आला. टॉकीजपाशी भांडण मिटलं नव्हतं म्हणून मंडळानं ते शहरभर नेलं होतं. इंदूच्या खिडकीखालच्या चहाच्या दुकानात दोन तट पडले होते. कप्तान जिवंत आहे म्हणत पुष्पेंद्र बाकावर चढून घसा ताणत होता, "कप्तान मरो नइयाँ! हम कै रए, मरो नइयाँ!" आणि समोरचे ओरडत होते, "सूरज गओ, जहाज गओ, अब बचो का है?"

शकुंतलाबाईंनी वर पाहिलं. खिडकी सताड उघडी होती.

त्या जिना धापा टाकत चढल्या. इंदू पलंगावर ताठ बसली होती, गाल लालबुंद, नाकावर चष्मा. शेजारी मधुसूदन पाण्याचा पेला घेऊन उभा, पार गोंधळलेला.

"शकू," इंदू म्हणाली, "लग्न कुणाचं झालं म्हणालीस?"

शकुंतलाबाई दारातच थांबल्या. "अगं, मला वाटलं..."

"काय वाटलं? इंदू आता काचेची झाली? लग्न लावून देतेय! तो बिचारा तिकडे काळोखात लोंबकळतोय आणि तू इथं अक्षता टाकतेस?" तिच्या आवाजात कालचा कंटाळा औषधालाही नव्हता. "बैस. पहिल्यापासून सांग. खरं सांग. मधू, तू ते पाणी पी आणि गप बैस."

"आई, डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टरांनी पाहिलाय का पिक्चर?"

मधुसूदननं खरंच पाणी पिऊन टाकलं.

शकुंतलाबाईंनी ताटली घेतली आणि पुन्हा उभ्या राहिल्या. या वेळी काहीही झाकलं नाही. टीला पाठ फिरवून गेली. शेवटचा सूर्य गेला. गौरैया फुटलं. चमचा त्यांनी खाली ठेवला, कारण पुढे आवाजच नव्हता. नुसत्या दोन हातांनी त्यांनी कप्तानाला त्या खोलीत तरंगत ठेवलं. खालचं भांडणही कसं कोण जाणे, थांबलं होतं. जिन्यात पावलं वाजली आणि दारात पुष्पेंद्र व त्याच्यामागे मंडळ येऊन उभं राहिलं. मौसींना जिना चढताना त्यांनी खालून पाहिलं होतं.

"आणि मग दिवा विझला," शकुंतलाबाई म्हणाल्या. "काळोख. बस, एवढंच दाखवलं."

पुष्पेंद्रनं डोळे पुसले. मधुसूदन आईच्या छातीकडे पाहत होता.

"थांब," इंदू म्हणाली. "दिवा विझला, तेव्हा त्याचा हात कुठे होता?"

"कुणाचा?"

"कप्तानाचा. आत्ता तू केलास ना, असा." इंदूनं आपला बारीक हात हनुवटीखाली नेला.

शकुंतलाबाईंनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तो अजून हनुवटीखालीच होता. सिनेमात जसं झालं तसं करायची त्यांना सवय, विचार करून काही केलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, टॉकीजमधला तो क्षण पुन्हा पाहिला आणि डोळे खाडकन उघडले.

"अगं बाई! हात वर आला होता, शिरस्त्राणाच्या बटणापाशी. आधी हात आला, मग दिवा गेला."

"मग तो विझला नाही," इंदू म्हणाली. "त्यानं विझवला! ग्रहणवाल्यांना उजेड लागतो ना खायला? दुसऱ्या पार्टमध्ये तूच सांगितलंस. तो लपलाय, मूर्खांनो. वाट बघत बसलाय."

शकुंतलाबाईंनी ते हिंदीत सांगायला तोंड उघडलं, पण पुष्पेंद्रला हातवाऱ्यांवरूनच कळलं होतं. त्यानं अशी आरोळी ठोकली की चौकातली कबुतरं उडाली. "अम्मा ने पकड़ लओ! बत्ती खुद बुझाई है!" मंडळ नाचायला लागलं. कप्तान मेला म्हणणारे आणि मेला नाही म्हणणारे सगळे एकमेकांना मिठ्या मारू लागले, आणि लगेच नवं भांडण सुरू झालं: टीला खरंच फितूर की तीही नाटक करतेय? इंदू त्यात सर्वांत मोठ्यानं बोलत होती. अर्धं मराठी, अर्धं बुंदेली, आणि मध्येच "मधू, भूक लागली रे," असं. मधुसूदन स्वयंपाकघराकडे धावतच सुटला.

गलबला जरा ओसरला तेव्हा शकुंतलाबाईंनी सवयीनं हात जोडले आणि आरतीचा सूर लावला.

"ए, आरती कशाची?" इंदूनं त्यांना थांबवलं. "अर्धीच कथा झालीये. अर्ध्यावर आरती करतात का? गोपाळकाका काय करायचे?"

अर्ध्यावर गोपाळराव थांबत. कुणीतरी पुढे होऊन त्यांच्या कपाळी बुक्का लावी, गळ्यात हार घाली, आणि मगच पुढचं आख्यान सुरू होई. कथा अजून बाकी आहे, कुणी उठू नका, असा त्याचा अर्थ. शकुंतलाबाईंना ते चांगलं ठाऊक होतं. खांबामागून त्यांनी ते किती वेळा पाहिलं होतं.

इंदूनं मुलाकडून देवघरातला झेंडूचा हार आणि बुक्क्याची डबी मागवली. पलंगावरून पाय खाली सोडले, मधुसूदनचा खांदा धरला आणि उभी राहिली. कपाळी लावताना बुक्का जरा मैत्रिणीच्या नाकावरही सांडला. मग तिनं हार शकुंतलाबाईंच्या गळ्यात घातला.

"पुढचा पार्ट कधी?" तिनं विचारलं.

"दो साल तो लगेंगे, अम्मा," पुष्पेंद्र म्हणाला.

"लागू देत. मी ऐकायला आहे," इंदू म्हणाली, आणि ताटावर बसली.

शकुंतलाबाईंना रडू आवरेना. गळ्यात हार घेऊन त्या भर उन्हात रस्त्यावर आल्या तेव्हाही त्यांनी तो काढला नाही. टेम्पोवाला त्यांच्या नाकावरच्या बुक्क्याकडे बघत राहिला.

"का बात है मौसी, का जीत आईं?"

"अबै नइयाँ, भैया," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "अबै तो बीच में हैं."